आळंदीचे विद्यार्थी आणि त्यांना सांभाळणारे गाव

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात इंद्रायणीच्या काठी वसलेली आळंदी संत ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु हे तीर्थक्षेत्र गेली शंभराहून अधिक वर्षे विद्यार्थ्यांचेही गाव आहे, ही गोष्ट दर्शनाला येऊन त्याच दिवशी परतणाऱ्या भाविकाच्या सहसा लक्षात येत नाही. बीड, परभणी, नांदेड, हिंगोली, बुलढाणा, जळगाव, अहिल्यानगर अशा दूरच्या जिल्ह्यांतील मुले घर सोडून येथे येतात, मृदंग, गायन, कीर्तन आणि संतवाङ्मय शिकतात, आणि काही वर्षांनी आपापल्या भागात परततात. परगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पाठ्यक्रमाइतकीच अंथरूण, अन्न, सोबत आणि लक्ष ठेवणारे माणूस यांची गरज असते, आणि या गरजा कोण व कशा भागवतो यावर त्याचे शिक्षण उभे राहते किंवा कोसळते. आळंदीचा इतिहास या विधानाचा उत्तम पुरावा आहे.

वारकरी शिक्षण संस्थेचा पाया

आळंदीतील संघटित विद्यार्थिजीवनाची सुरुवात विष्णुबुवा जोग यांच्यापासून होते. पुण्यात १८६७ साली जन्मलेले जोग महाराज तरुणपणी तालमीत रमणारे मल्ल होते. पुढे ते वारकरी संप्रदायात आले, आजन्म ब्रह्मचारी राहिले आणि तुकारामांच्या अभंगांची सार्थ गाथा सिद्ध करून त्यांनी सामान्य वाचकापर्यंत अर्थ पोहोचवला. कीर्तन आणि प्रवचन करणाऱ्यांना मूळ ग्रंथांचे पद्धतशीर शिक्षण मिळाले नाही, तर परंपरा केवळ ऐकीव माहितीवर चालेल, ही त्यांची चिंता होती. त्यातूनच १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन झाली. जोग महाराजांचे १९२० साली निधन झाले, म्हणजे संस्थेला संस्थापकाचा सहवास जेमतेम तीन वर्षे लाभला. तरीही बंकटस्वामी, मारुतीबुवा ठोंबरे, लक्ष्मण महाराज इगतपुरीकर आणि सोनोपंत दांडेकर या शिष्यांनी ती टिकवली व वाढवली. यांपैकी सोनोपंत ऊर्फ मामासाहेब दांडेकर हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य होते, त्यामुळे विद्यापीठीय अध्यापन आणि सांप्रदायिक अध्ययन या दोन्ही रीती जाणणारी व्यक्ती संस्थेला दीर्घकाळ मिळाली.

येथील अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. त्यात भगवद्गीता, ज्ञानेश्वरी, अमृतानुभव आणि तुकारामांची गाथा या ग्रंथांना मध्यवर्ती स्थान आहे. त्यांच्या जोडीला संस्कृत भाषा आणि ‘विचारसागर’ हा निश्चलदास यांनी हिंदीत लिहिलेला वेदान्तग्रंथ शिकवला जातो, कारण जीव, जगत् आणि ब्रह्म यांसारख्या संज्ञांची तर्कशुद्ध मांडणी विद्यार्थ्याला त्यातून समजते. संस्थेतून शिकून गेलेल्यांनी पुढे आळंदीत आणि महाराष्ट्रात इतरत्र स्वतःच्या पाठशाळा काढल्या, त्यामुळे आज आळंदीत लहानमोठ्या अनेक निवासी संस्था दिसतात. त्यांतील बऱ्याच संस्थांत शाळकरी वयाची मुले राहतात, दिवसाचा काही भाग गावातील शाळेत जातात आणि उरलेल्या वेळेत सांप्रदायिक शिक्षण घेतात.

पहाटेपासून रात्रीपर्यंत

आळंदीतील विद्यार्थ्याचा दिवस पहाटे काकड्याने, म्हणजे देवाला जागवण्यासाठी म्हटल्या जाणाऱ्या भजनांनी व आरतीने, सुरू होतो. त्याच वेळेला गायनाचे विद्यार्थी खर्ज लावतात. मंद्र सप्तकातील, म्हणजे खालच्या पट्टीतील स्वर दीर्घकाळ स्थिर धरण्याच्या या सरावाने आवाजाला जाडी आणि दम येतो, आणि पुढे दोन-दोन तास उभे राहून कीर्तन करायचे असल्याने हा दम अत्यावश्यक असतो. त्यानंतर पाठ होतो. संथा देण्याची, म्हणजे गुरूने एक चरण उच्चारायचा आणि विद्यार्थ्यांनी तो जसाच्या तसा परत म्हणायचा, ही जुनी रीत आजही उपयोगात आहे, कारण ज्ञानेश्वरीतील तेराव्या शतकाची मराठी केवळ डोळ्यांनी वाचून जिभेवर येत नाही. गीतेचे ७०० श्लोक, ज्ञानेश्वरांचा हरिपाठ, चांगदेव पासष्टीच्या ६५ ओव्या आणि गाथेतील निवडक अभंग पाठ झाले की विद्यार्थ्याजवळ पुढील आयुष्यभर पुरणारी शिदोरी जमा होते.

दुपारनंतर मृदंगाचे वर्ग गजबजतात. वारकरी मृदंग म्हणजे पखवाज; त्याच्या उजव्या पुडीवर काळी शाई कायमची बसवलेली असते, तर डाव्या पुडीवर प्रत्येक वेळी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, आणि तो किती जाड, किती ओला ठेवायचा यावर खर्जाचा घुमारा ठरतो. नवा विद्यार्थी कित्येक दिवस हात ठेवण्याची पद्धत आणि मोजके बोल यांवरच अडकून राहतो. मग भजनी ठेका येतो, त्यानंतर अभंगाच्या चालीनुसार लग्गी आणि परण यांचा अभ्यास होतो. संध्याकाळी हरिपाठ टाळांच्या तालावर पावली खेळत म्हटला जातो, त्यामुळे पाठांतर, गायन, लय आणि शरीराचा व्यायाम या चारही गोष्टी एकाच वेळी साधतात. घराच्या आठवणीने व्याकूळ होणाऱ्या मुलाला या सामूहिक दिनक्रमाचा मोठा आधार असतो, कारण एकटे बसून कुढण्याला त्यात जागाच कमी उरते. मात्र सर्वांत लहान मुलांची एकाकी अवस्था दिनक्रमाने पूर्णपणे भरून निघते, असे समजणे चुकीचे ठरेल. त्यांना प्रत्यक्ष मायेने विचारपूस करणारे माणूस हवेच असते.

माधुकरी, पंगत आणि खानावळ

शिक्षणासाठी परगावी आलेल्या मुलाने जेवायचे कोठे, या प्रश्नाला महाराष्ट्राने वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरे दिली. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे आठवड्यातील प्रत्येक वारी एका ठरलेल्या कुटुंबात त्यांचे पान वाढले जाई. आळंदीत माधुकरीची प्रथा रुजली. विद्यार्थी झोळी घेऊन ठरावीक घरांसमोर जात, प्रत्येक घरातून भाकरीचा तुकडा, थोडी भाजी, थोडे कालवण मिळे आणि ते सगळे एकत्र करून वाटून खाल्ले जाई. या प्रथेत विद्यार्थ्याला नम्रता शिकवण्याचा हेतू होता, तसा तिचा एक सामाजिक परिणामही होता. रोज दारात येणारा मुलगा गृहिणीच्या ओळखीचा होई, तो आजारी दिसला किंवा दोन दिवस आलाच नाही तर चौकशी होई. म्हणजे अन्नाबरोबर गावाची नजरही त्याच्यावर राही.

आता बहुतेक निवासी संस्थांत स्वयंपाकघर असते आणि पालकांकडून वार्षिक शुल्क किंवा दात्यांकडून धान्य व देणग्या घेऊन ते चालवले जाते. वाढदिवस, पुण्यतिथी किंवा नवसपूर्तीच्या निमित्ताने एखादे कुटुंब विद्यार्थ्यांना पंगत देते, एकादशीला उपवासाची भगर शिजते आणि द्वादशीला पारणे होते. अन्नाची शाश्वती त्यामुळे वाढली, ही निःसंशय चांगली गोष्ट आहे; परंतु विद्यार्थी आणि गावातील घरे यांच्यातील रोजचा संबंध सैल झाला. नदीच्या बाबतीतही असाच बदल घडला. इंद्रायणी लोणावळ्याच्या परिसरात उगम पावून देहू, चिखली, मोशी या मार्गाने आळंदीला येते आणि तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत मिसळणारे प्रक्रिया न केलेले सांडपाणी आणि औद्योगिक घाण यांमुळे आळंदीच्या बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे थर अनेकदा तरंगताना दिसतात. स्नानसंध्येसाठी जी नदी विद्यार्थ्याला हक्काची होती, तिच्याच पाण्यापासून त्याला जपावे लागते, ही या तीर्थक्षेत्राची खरी वेदना आहे.

वारी हाच परीक्षेचा मंडप

या शिक्षणाची कसोटी लेखी उत्तरपत्रिकेपेक्षा लोकांसमोर अधिक होते. वारकरी कीर्तनात कीर्तनकार एक अभंग निवडतो आणि त्याचे निरूपण, म्हणजे अर्थाची उकल, करताना इतर संतवचने प्रमाण म्हणून देतो. मागे उभे असलेले टाळकरी ध्रुपद उचलून धरतात आणि मृदंगाचा ठेका निरूपणाच्या चढउताराला साथ देतो. विद्यार्थी प्रथम अनेक वर्षे टाळकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, तेथूनच त्याला सूर कोठे घ्यायचा, वक्त्याने थांबताच अभंग कसा उचलायचा, कोणते प्रमाण कोणत्या प्रसंगी शोभते, याची जाण येते. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांत, म्हणजे सात दिवस अहोरात्र चालणाऱ्या भजन-कीर्तनाच्या उत्सवांत, साथ करायला जाऊन त्याला अनुभव मिळतो आणि थोडीफार बिदागीही हाती पडते.

वर्षाचे चक्र वारीभोवती फिरते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरपूरकडे निघते आणि अनेक विद्यार्थी दिंड्यांमधून तो संपूर्ण पायी प्रवास करतात. पावसात भिजत, मुक्कामाच्या तंबूत झोपत, वाटेवर अभंग म्हणत ते जे शिकतात ते वर्गात शिकवता येत नाही. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत मोठी यात्रा भरते आणि त्रयोदशीला संजीवन समाधीचा सोहळा होतो. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली, त्या घटनेचे हे स्मरण असते. दर महिन्याच्या वद्य एकादशीलाही वारकरी आळंदीला येतात, आणि त्यांत विद्यार्थ्यांचे आईवडील, काका, आजोबा असतात. देवदर्शन आणि मुलाची भेट अशी दोन्ही कामे त्या एका फेरीत होतात, त्यामुळे वारीची प्रथा दूरच्या कुटुंबाला मुलाशी जोडून ठेवते.

त्याच गावातले दुसरे विद्यार्थी

आळंदीच्या भोवती गेल्या काही दशकांत पिंपरी-चिंचवड, भोसरी, मोशी आणि चाकण हा मोठा औद्योगिक पट्टा उभा राहिला, आणि त्यासोबत वेगळ्या प्रकारचा विद्यार्थी आला. आळंदीतच १९९९ साली एमआयटी अॅकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग हे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आयटीआय करून चाकणच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून काम करणारे तरुणही या परिसरात राहतात. तिघा-चौघांनी मिळून घेतलेली खोली, महिन्याचे पैसे भरून लावलेली मेस, पीएमपीएमएलची बस आणि परीक्षेच्या काळातील जागरण ही त्यांच्या जगण्याची चौकट असते. धोतर-नेहरूशर्ट घालून हाती टाळ घेतलेला मुलगा आणि पाठीवर लॅपटॉपची बॅग लावलेली मुलगी एकाच रस्त्याने जातात, दोघांची विद्या वेगळी असते, पण दोघेही बहुधा कोरडवाहू शेतीच्या टापूतून आलेले असतात, आणि दोघांच्याही घरी पैशाची जुळवाजुळव मोठ्या कष्टाने झालेली असते.

महाराष्ट्रात वसतिगृहांची चळवळ याच गरजेतून जन्मली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे बोर्डिंग सुरू केले, आणि ग्रामीण मुलांच्या निवास-भोजनासाठी पुण्यात १९५५ साली विद्यार्थी सहायक समिती स्थापन झाली. या सर्वांनी ओळखले होते की शाळा-महाविद्यालयाचे दार उघडे असून भागत नाही. त्या दारापर्यंत पोहोचलेल्या मुलाला रात्री डोके टेकायला सुरक्षित जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले, तरच तो शिकतो.

सांभाळाची नवी जबाबदारी

आळंदीतील निवासी संस्थांची संख्या वाढली, तेव्हा त्यांच्या दर्जातील तफावतही वाढली. काही ठिकाणी प्रशस्त इमारत, स्वच्छतागृहे आणि अनुभवी अध्यापक असतात, तर काही ठिकाणी भाड्याच्या दोन-तीन खोल्यांत पुष्कळ मुले राहतात आणि त्यांची सर्व काळजी एकाच व्यक्तीवर सोपवलेली असते. गेल्या काही वर्षांत काही खासगी संस्थांतील मुलांवरील अत्याचाराच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या, ग्रामस्थांनी आवाज उठवला आणि प्रशासनाला संस्थांच्या तपासणीची पावले उचलावी लागली. या घटनांमुळे संपूर्ण परंपरेला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. परंतु परंपरेच्या आदरापोटी त्यांच्याकडे डोळेझाक करणे हा मुलांवरचा त्याहून मोठा अन्याय होईल. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ साली झाला आणि अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन त्याने घातले. संकटातील मुलासाठी १०९८ ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते.

म्हणून मुलाला आळंदीला पाठवणाऱ्या पालकांनी महाराजांच्या कीर्तीइतकेच निवासाच्या व्यवस्थेकडे लक्ष द्यायला हवे: संस्था नोंदणीकृत आहे का, मुले शाळेत नियमित जातात का, लहान आणि मोठ्या मुलांची झोपण्याची सोय वेगळी आहे का, मुलाला घरी मोकळेपणाने बोलता येते का, हे त्यांनी स्वतः पाहावे. संस्थाचालकांनी बाहेरच्या तपासणीला अपमान न मानता संरक्षण मानावे, आणि ग्रामस्थांनी माधुकरीच्या काळी जी नजर ठेवली, ती नव्या स्वरूपात पुन्हा ठेवावी. जोग महाराजांनी संस्था काढली ती ग्रंथाचा अर्थ नीट समजलेला, चारित्र्याने खंबीर असा माणूस घडावा म्हणून. तसा माणूस भीतीत वाढत नाही. परगावाहून आलेले प्रत्येक मूल ज्या दिवशी आळंदीत निर्धास्त झोपेल, पोटभर जेवेल आणि मनातले कोणाला तरी सांगू शकेल, त्या दिवशी ते गाव ज्ञानेश्वरांच्या नावाला साजेसे विद्याक्षेत्र म्हणवून घेण्यास खऱ्या अर्थाने पात्र ठरेल.