अकोला ते अमरावती, विमानाने साडेआठ मिनिटं? (भागाचं लिखित रूप)

आजचा प्रश्न पातूरहून आलाय. "दादा, बाबांना मुंबईच्या दवाखान्यात सकाळी दाखवायचं आहे. फोन अकोला-अमरावती विमानाचे साडेआठ मिनिटं दाखवून राह्यला. मंग विमानानंच नेऊ काय?"

आधी हे साडेआठ मिनिटं आले कुठून ते पाहू. अकोल्याची शिवणी धावपट्टी आणि अमरावतीचं बेलोरा, यांच्यात सरळ रेषेत अंतर साधारण ७० किलोमीटर. एटीआर ७२ विमानाचा वेग ताशी ५०० च्या आसपास. फोन फक्त भागाकार करतो. असं विमान खरंच आहे का, हे तो बघत नाही. आणि असं विमान नाहीच!

कारण शिवणीची धावपट्टी साधारण १४०० मीटरची आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ वर जातो. गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, म्हणून विमानाला जास्त लांब धावावं लागतं. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर. तिथून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली, तीही आठवड्यातून तीनच दिवस.

आता मुंबईचं गणित. बेलोरा ते मुंबई सरळ अंतर सुमारे ५४० किलोमीटर. भागाकार केला तर तासाभराचं काम. पण वेळापत्रकात धरतात पावणेदोन तास. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढताना आणि खाली उतरताना कमी झालेला वेग, मुंबईच्या आकाशातली गर्दी, हे सगळं त्यात येतं.

आणि पातूर ते बेलोरा? सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. अकोला-अमरावती रस्ता चांगला आहे. २०२२ मध्ये याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. तरी गाडीने तीन तास धरा. विमानतळावर दीड-दोन तास आधी पोचायचं. मग पावणेदोन तास हवेत. मुंबईत बाहेर पडायला पाऊण तास. एकूण झाले सात-साडेसात तास.

रेल्वेने काय? पातूर ते अकोला तासभर, स्टेशनवर अर्धा तास, पुढे सुमारे ५८० किलोमीटरला नऊ-दहा तास. म्हणजे अकरा तासांच्या आसपास.

म्हणजे वाचतात साडेतीन-चार तास. पण दुपारचं विमान धरलं तर मुंबईत संध्याकाळी उतरून रात्रीची खोली घ्यावी लागते. रात्रीची गाडी सकाळी पोचवते, आणि बाबांना आडवं होता येतं.

तर भाऊ, सकाळची वेळ मिळाली असेल तर रात्रीची गाडी धरा, खालचा बर्थ मागा. गाडी उशिरा पोचायची भीती वाटत असेल, तर एक दिवस आधी निघा. बाबांना जास्त वेळचा प्रवास झेपतच नसेल, तर विमान बघा. पण तिकीट काढायच्या आधी त्या दिवशी विमान आहे का, ते नक्की तपासा.

फोनला विचारा, पण घराच्या दारापासून दवाखान्याच्या दारापर्यंतचा हिशेब आपला आपणच करा. बाबांना लवकर बरं वाटो. भेटू पुढच्या भागात!