भिंतीवरची शिकार : दोष आणि दुरुस्ती

महाड-पोलादपूरकडील काही जुन्या घरांत, विशेषतः ज्या घरी एके काळी बंदुकीचा परवाना होता अशा घरांत, ओटीवर पाऊल टाकताच भेकराचे किंवा सांबराचे डोके काचेच्या डोळ्यांनी आपल्याकडे पाहत असते. क्वचित बिबट्याचे आ वासलेले तोंडही असते. लहानपणी आम्ही त्याला भ्यालो, तरुणपणी आम्हांला त्याचा अभिमान वाटला, आणि आता उतारवयात त्याच्यापुढे उभे राहिले की थोडा संकोच वाटतो. असल्या वस्तूंची डागडुजी हा वसंत व्याख्यानमालेचा विषय होऊ शकतो काय, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, जी वस्तू ठेवावी की टाकावी हे घरातल्या कोणालाच कळत नाही, तिच्याविषयी चारचौघांत बोलणे उपयोगाचेच आहे.

निमित्त सांगतो. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. त्याच दिवशी तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली आणि कित्येक संसार मातीखाली गेले. त्या दुःखापुढे भिंतीवरच्या एका डोक्याची मातब्बरी ती काय! पण पाणी ओसरल्यावर लोक आपापले किडूकमिडूक वाळत घालू लागले, तेव्हा आमचे एक स्नेही पत्नीसह आमच्याकडे आले. गोणपाटात गुंडाळून त्यांनी बिबट्याचे डोके आणले होते. त्यांच्या आजोबांनी मारलेल्या बिबट्याचे. वरच्या ओठाची कड सुटली होती, एक कान मऊ पडून लोंबत होता, जबड्यात गाळ भरला होता. दुसऱ्या हातात वनखात्याने दिलेले मालकीचे प्रमाणपत्र होते. त्याचीही शाई पसरलेली. "हे नीट होईल का?" त्यांनी विचारले. त्यांच्या पत्नीने हळूच विचारले, "आणि नीट करावं का?" या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना जे हाती लागले, तेच येथे मांडीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'पेंढा भरलेला वाघ' असे आपण म्हणतो. परंतु गेल्या शतकातील चांगल्या कामात पेंढा जवळजवळ नसतोच. कातडे सोलून, मीठ लावून, कमावून ते एका तयार साच्यावर अंगरख्यासारखे चढवितात. अमेरिकेतील कार्ल एकली याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्राण्याचे स्नायू आधी मूर्तिकाराप्रमाणे घडवून त्यावर कातडे बसविण्याची पद्धत नावारूपास आणली. आपल्या देशात या धंद्यातले सर्वांत मोठे नाव म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्याचे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९९९ पर्यंत तो चालला, आणि संस्थानिकांपासून साहेबांपर्यंत असंख्य शिकाऱ्यांची कातडी तेथे गेली. त्यांचे साचे कागदाच्या लगद्याचे असत. डोळे काचेचे; दात बहुधा खरेच. तात्पर्य, आपल्यापुढे असते ते वरून कातडे, मधे चिकटद्रव्य आणि आत लगदा, लाकूड, तार, प्लॅस्टर यांचा सांगाडा. यांतला प्रत्येक पदार्थ ओलीत वेगळ्या मानाने फुगतो आणि उन्हाळ्यात वेगळ्या मानाने आकसतो. बहुतेक दोषांचे मूळ येथेच आहे.

दोषांचे तीन वर्ग पाडता येतील. पहिला जन्मदोष. जनावर पडल्यावर कातडे लगेच सोलून मीठ लावले नाही, तर जंतूंमुळे केसांची मुळे सैल होतात. कोकणच्या उष्म्यात तर काही तासांचा उशीरही पुरतो. असे कातडे कितीही कुशल हाती दिले तरी पुढे त्यावर टक्कल पडते. त्याला उपाय नाही. गेलेला केस परत उगवत नाही.

दुसरा वर्ग हवेच्या दोषांचा. आपल्याकडे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पोलादपूरच्या बाजूला, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, धुके आणि पाऊस महिनोन् महिने हटत नाहीत. कातडे ओल शोषून सैल पडते आणि शिमग्यानंतरच्या कोरड्या वाऱ्यात पुन्हा ताणले जाते. हा ताण पातळ जागी आणि कडांवर येतो. म्हणून भेगा पडतात त्या ओठांच्या कडेला, पापण्यांशी, नाकपुड्यांवर, कानांच्या टोकांना आणि मानेमागच्या शिवणीवर. दमटपणा शेकडा सत्तरच्या वर रेंगाळला की बुरशी धरते. उलट खिडकीतले ऊन सतत पडले तर रंग विटतो, आणि बिबट्याचे ठिपके काळ्याचे तपकिरी होतात.

तिसरा वर्ग कसरीचा. कपड्यांना लागते ती कसर केस कुरतडते, आणि एका लहान भुंगेऱ्याच्या केसाळ अळ्या कातडे खातात. डोक्याखालच्या जमिनीवर भुशासारखी बारीक पूड किंवा केसांचा पुंजका दिसला, तर ती धूळ समजून झाडून मोकळे होऊ नये. आत कोणी जेवत आहे, याची ती खूण होय. पाठीमागच्या लाकडी फळीला वाळवी लागते, ती निराळीच.

आता एक कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी घरच्या भेकराच्या कानाला भेग पडली, तेव्हा आम्ही स्वतःच दुरुस्तीस बसलो. सुताराचा पांढरा गोंद आणि प्लॅस्टर कालवून भेग भरली, वर तपकिरी रंग दिला, आणि नाक चकचकीत दिसावे म्हणून त्यावर बुटाचे पॉलिश चोळले. दिवाळीपर्यंत काम झकास दिसले. पुढच्या पावसाळ्यात कातडे हलले, प्लॅस्टर हलले नाही. मूळच्या भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन नव्या भेगा पडल्या, आणि पॉलिशवर बुरशीची साय आली. जो पदार्थ मूळ वस्तूहून कठीण आणि परत काढता न येणारा, तो दुरुस्तीस वापरू नये, हा धडा आम्ही भेकराचा कान खर्ची घालून शिकलो.

त्याहून मोठी चूक मात्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी होत आली आहे. दिवाळीच्या साफसफाईत ही डोकी खाली उतरवून केरसुणीने झोडपतात. अठराव्या शतकात फ्रान्समधील मेट्स गावच्या बेकूर नावाच्या औषधविक्रेत्याने कातड्यांचे किड्यांपासून रक्षण करण्यासाठी सोमलाचा साबण शोधून काढला. सोमल म्हणजे जहालच विष. पण उपाय इतका गुणकारी की पुढची दोनशे वर्षे जगभर तो वापरला गेला. काही ठिकाणी पारायुक्त रसकापूरही लावीत. तेव्हा विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकापर्यंतचे कोणतेही डोके विषारी आहे, असेच धरून चालावे. सोमल उडून जात नाही. केसांच्या बुडाशी पांढऱ्या भुकटीच्या रूपाने तो दिसतो, आणि कधी दिसतही नाही. हातमोजे आणि चांगली मुखपट्टी यांवाचून डोक्याला हात लावू नये. मुलांना त्याच्या आयाळीशी खेळू देऊ नये. ते स्वयंपाकघरात किंवा निजण्याच्या खोलीत तर टांगूच नये.

एवढी काळजी घेतल्यावर डागडुजीचा क्रम सोपा आहे. आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि दोषांची यादी करावी. मग कारण थांबवावे : डोके बाहेरच्या ओलसर भिंतीवरून काढून आतल्या कोरड्या भिंतीवर, चुलीच्या धुरापासून आणि उन्हापासून दूर टांगावे, आणि भिंत व फळी यांत वारा खेळेल इतके अंतर ठेवावे. मऊ कुंचल्याने, केसांच्या दिशेने, धूळ हलकेच काढावी. कसर लागली असेल तर औषधे फवारण्यापेक्षा थंडीचा उपाय बरा. संग्रहालयांत अशी वस्तू प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे वीस अंशांच्या थंडीत एक-दोन आठवडे ठेवतात, आणि पुढे गुंडाळलेलीच हळूहळू नेहमीच्या उष्णतेस आणतात. घरच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र हा प्रयोग करू नये. तेथे आपले अन्न असते.

भेग भरण्याचे काम जाणकाराचे. तो पातळ, चिवट जपानी कागदाचे तुकडे परत सोडविता येईल अशा चिकटद्रव्याने आतून जोडतो आणि रंग केवळ त्या कागदावर देतो, मूळ कातड्यावर देत नाही. काचेचे डोळे ओलसर कापसाने पुसले तरी पुरे. सांबराची शिंगे म्हणजे हाडच. ती कोरड्या फडक्याने पुसावीत, व्हार्निश लावू नये. विटलेल्या केसांना बाजारचा कलप तर मुळीच लावू नये. न्यूयॉर्कच्या अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने २०११-१२ साली आपल्या सस्तन प्राण्यांच्या जुन्या दालनाची दुरुस्ती काढली, तेव्हा विटलेल्या केसांवर कोणता रंग टिकेल आणि कोणता केसांना अपाय करणार नाही, याचे आधी प्रयोग केले आणि मगच बारीक फवाऱ्याने रंग चढविला. एवढ्या मोठ्या संस्थेने जेथे घाई केली नाही, तेथे आपण का करावी?

पुरात भिजलेल्या डोक्याची गोष्ट थोडी वेगळी. लगद्याचा साचा भिजला की स्वतःचेच वजन त्याला पेलवत नाही. म्हणून ते न टांगता खाली मऊ आधार देऊन ठेवावे. उन्हात किंवा विस्तवाजवळ वाळवू नये, कातडे कडकडून फाटते. सावलीत, पंख्याच्या दुरून येणाऱ्या वाऱ्यावर, आठवडेच्या आठवडे वाळू द्यावे. वरवरचा गाळ टिपून घ्यावा. विहिरीवर किंवा ओढ्यावर नेऊन ते धुऊ नये, कारण त्या पाण्यात सोमल उतरतो. आमच्या स्नेह्यांचे डोके असेच वाळले. कान पुन्हा ताठ झाला. ओठाची फट तेवढी राहिली.

येथवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. दुसरा प्रश्न अधिक कठीण. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपविले आणि घरोघरच्या अशा वस्तूंचीही दखल घेतली. त्या घोषित करण्यास राहून गेलेल्यांना २००३ च्या नियमांनी १८० दिवसांची आणखी एक संधी दिली. ती मुदत केव्हाच संपली. प्रमाणपत्र असले तरी ही वस्तू विकता येत नाही. वारशाने आली तर वारसाने नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावे लागते. चर्मपूरणाचा धंदाही परवान्यावाचून करता येत नाही. म्हणून ओळखीच्या कारागिराकडे डोके पाठविण्यापूर्वी वनखात्याला विचारणे श्रेयस्कर. ज्याला ते ठेवायचेच नसेल, त्याला २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे ते शासनाच्या स्वाधीन करता येते; मोबदला मिळत नाही. नदीत सोडणे किंवा गुपचूप जाळणे हा मार्ग नव्हे. सोमलाचा धूर तर अंगावर घेऊच नये.

म्हणजे कायद्याने ठेवण्याची मुभा आहे आणि देण्याचीही. मग निवड कशावरून करावी? येथे डॉ. सालीम अली यांची गोष्ट आठवते. त्यांनी लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती हे विचारण्यासाठी ते १९०८ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. १८८३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे चिटणीस मिलर्ड यांनी त्यांना भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखविले. त्या खणांतून पुढे एक पक्षिशास्त्रज्ञ घडला. संग्रहातल्या अशा पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी असते : ठिकाण, तारीख, गोळा करणाराचे नाव. आपल्या ओटीवरचे डोके दिसायला त्याहून कितीतरी मोठे. पण त्याला चिठ्ठी नाही. ते कोणत्या रानातले, कोणत्या साली मारलेले, हे सांगणारी माणसे एकेक करून निघून गेली. जुन्या कातड्यातून जनावराची आनुवंशिक घडण आज वाचता येते. परंतु ठिकाण ठाऊक नसेल तर त्या वाचनाचा निम्मा अर्थ हरवतो. आमच्या मते, भिंतीवरच्या शिकारीचा सर्वांत मोठा दोष हाच. फाटलेला ओठ, झडलेला केस हे त्यामानाने किरकोळ. शिवाय या एकाच दोषाची दुरुस्ती घरच्या घरी, कागद आणि शाई यांनी, विनापरवाना करता येते. मात्र ती घरातले वडीलधारे हयात आहेत तोवरच.

आमच्या स्नेह्यांनी आपल्या वृद्ध आत्याबाईंना विचारले. त्या ऐंशीच्या पुढच्या. बिबट्या कुठल्या ओहोळाशी पडला, त्या साली भाताचे पीक कसे होते, आणि त्याने आधी कोणाच्या गोठ्यातली किती वासरे नेली होती, हे सारे त्यांनी सांगितले. आजोबांनी पुन्हा बंदूक उचलली नाही, हेही त्याच वेळी प्रथम कळले. ते सर्व एका चिठ्ठीवर उतरून फळीच्या मागे लावले आहे; शेवटच्या ओळीत '२०२१ च्या पुरात भिजले, ओठ फाटला, भरलेला नाही' असे लिहिले आहे. प्रमाणपत्राच्या नव्या प्रतीसाठी अर्ज केला आहे. डोके ठेवावे की शासनाला द्यावे, यावर पतिपत्नींचे अजून एकमत झालेले नाही. ते कोठेही गेले तरी चिठ्ठी बरोबर जाईल.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे एखादे डोके असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर केरसुणी बाजूला ठेवावी आणि आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशेजारी वही घेऊन बसावे, एवढीच आमची विनंती आहे.