पिल्लू, लस आणि शिस्त
मी जुन्या रीतीभाती आणि कायदा-सुव्यवस्था मानणारा माणूस. घरात सध्या गावठी पिल्लू वाढतंय. भटक्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेला आदेश मला मनापासून पटला: नसबंदी, लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायची, पिसाळलेली किंवा आक्रमक सोडायची नाहीत, खाणं ठरवलेल्या जागीच घालायचं. गायीकुत्र्याला घास काढायची आपली रीत आहेच, पण भररस्त्यात बिस्किटं टाकणं ही भूतदया नव्हे.

शिस्त घरातही हवीच. दात शिवशिवले की आमचं पिल्लू कोल्हापुरीचा अंगठा कुरतडतं. अशा वेळी ओरडू नका, चावायला दुसरं काही द्या. शिस्तीइतकीच लसही महत्त्वाची: रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रोगी जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस टोचून घ्याच!