एका अणूचा रोध गेवराईतही मोजता येतो

विज्ञान प्रदर्शनात नॅनोतंत्रज्ञानाचा तक्ता घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाला गेवराईत एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: "एका अणूतून वीज मोजणं पुण्या-मुंबईचं काम, बाळा. कोट्यवधींची यंत्रं लागतात." ऐकून ऐकून कान किटले. मुलं हे खरं मानतात, त्याचा जास्त राग येतो.

1995 साली कोस्टा-क्रेमर आणि सहकाऱ्यांनी ‘सरफेस सायन्स’मध्ये दाखवलं, की टेबलावर एकमेकींना टेकलेल्या दोन साध्या तारा सुटताना वाहकता पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. सुटण्याआधी धातूचा धागा ताणत ताणत शेवटी एका अणूवर येतो. 1999 मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’ने हा प्रयोग पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी छापलासुद्धा! सोन्याच्या तारा, बॅटरी, छोटा अ‍ॅम्प्लिफायर, डिजिटल ऑसिलोस्कोप. सोन्याची तार इथला सराफ देईल. पायरी क्षणार्धात संपते, म्हणून मल्टिमीटर मात्र चालत नाही.

तो एकच अणू कशावरून? शंका रास्त आहे. 1998 मध्ये जपानच्या ओनिशी, कोंडो आणि ताकायानागी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा बघत बघतच वाहकता मोजली; ‘नेचर’मध्ये ते आहे.

मग रोध किती? कुणी म्हणतं अफाट. बारावीचं लांबी-क्षेत्रफळाचं सूत्र लावलं तर शंभरेक ओहम येतात. दोन्ही चूक. सोन्यासाठी तो सुमारे 12,900 ओहम भरतो. सोन्यात इलेक्ट्रॉन दोन धडकांमध्ये चाळीसेक नॅनोमीटर जातो आणि अणू जेमतेम पाव नॅनोमीटरचा, म्हणजे तिथे धडकच होत नाही. धडकांवर उभं असलेलं सूत्र लागू पडणार कसं? इलेक्ट्रॉन तिथून तरंगासारखा जातो. सोन्याचा अणू त्याला एकच वाट देतो, आणि एका वाटेची कमाल वाहकता इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि प्लँकचा स्थिरांक एवढ्यांवरच ठरते: 77.5 मायक्रोसीमेन्स. तिचा व्यस्त म्हणजेच ते 12,900 ओहम.

अणू जळून जाईल? उष्णता बहुतेक दोन्ही बाजूंच्या तारांत निघते. सगळे धातू सारखे? नाही, अ‍ॅल्युमिनियम आणि शिशाच्या अणूत वाटा एकाहून जास्त असतात. रेणूही सोन्याच्या अणूसारखीच वीज वाहून नेतो? दोन टोकांना अमाईन गट असलेलं बेंझीन सोन्यात अडकवलं तर रोध वीस लाख ओहमच्या घरात जातो. रेणूंच्या अशा मोजणीला बहुधा स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप लागतो, तिथे पुण्याचं नाव घेणं ठीक. पुणे विद्यापीठात सी. व्ही. धर्माधिकारी यांनी या यंत्रावर काम केलं आहे.

आणि एकदा पायरी दिसली म्हणजे मोजणी झाली, असंही नाही. दर वेळी धागा वेगळा तुटतो. शेकडो, हजारो वेळा तोडून आलेख काढायचा; वाहकतेचा जो आकडा सर्वांत जास्त वेळा येईल, तो धरायचा.