बालहृदयासाठी कृत्रिम पंप

अहवाल वर्षात आपल्या बालरुग्ण विभागात साडेचार वर्षांची एक मुलगी दाखल झाली होती. विषाणूसंसर्गानंतर तिच्या हृदयाचे स्नायू अत्यंत दुर्बल झाले होते. तिचे आजोबा बिलासंबंधी माझ्याकडे आले आणि जाताजाता म्हणाले, "साहेब, मोठ्या माणसांना मशीनचं हृदय बसवतात म्हणे. मग आमच्या नातीला का नाही बसवत?" मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, मला उत्तर देता आले नाही. आपल्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या कुटुंबीयांपुढे ठेवीत आहे.

हृदय काढून त्या जागी यंत्र बसविण्याचा प्रयोग अमेरिकेत डिसेंबर 1982 मध्ये झाला. 'जार्विक-7' नावाच्या त्या हृदयावर रुग्ण 112 दिवस जगला. ते हृदय मावण्यास प्रौढाची छाती लागे. लहान मुलांसाठी वेगळा मार्ग निघाला : हृदय जागेवरच ठेवावयाचे आणि त्याचे काम पंपाकडून करवून घ्यावयाचे. 'बर्लिन हार्ट एक्सकोर' हा असा पंप आहे. तो शरीराबाहेर, पोटावर असतो. दोन नळ्या पोटाच्या भिंतीतून आत हृदयाकडे जातात. पंपातील पडदा हवेच्या दाबाने खालीवर होतो व रक्त पुढे ढकलले जाते. सर्वांत लहान पंपात एका ठोक्याला 10 मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे रक्त मावते. सर्वांत मोठ्यात 60.

मोठ्या पंपाची लहान प्रतिकृती केली की काम झाले, अशी माझी समजूत होती. परंतु रक्ताचा प्रवाह जितका कमी, तितका तो पंपाच्या कोपऱ्यात रेंगाळतो आणि रेंगाळलेले रक्त गोठते. गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. म्हणून रक्त पातळ ठेवावे लागते. मात्रा जास्त झाली तर रक्तस्राव होतो. तीन किलोच्या बाळाच्या शरीरात एकूण रक्तच पाव लिटरच्या आसपास असते. पंपाचे कवच पारदर्शक ठेवले आहे ते याचसाठी : परिचारिका विजेरीच्या उजेडात गुठळी दिसते का, हे वारंवार पाहतात. अमेरिकेतील 48 बालकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. दहांपैकी जवळजवळ नऊ बालके प्रत्यारोपणापर्यंत किंवा पंप काढता येण्याइतक्या सुधारणेपर्यंत पोहोचली. तथापि 14 जणांना पक्षाघात झाला. पुढे रक्त पातळ ठेवण्याच्या पद्धती सुधारल्या व हे प्रमाण उतरले, धोका मात्र गेला नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. प्रौढ हृदयरुग्णांची संख्या मोठी, त्यामुळे त्यांच्या पंपावरील संशोधनाचा खर्च वसूल होतो. अशा पंपाची गरज असलेली बालके थोडी, आणि तीही निरनिराळ्या वजनांची. प्रत्येक आकाराचा साचा व चाचणी स्वतंत्र. कोणत्याही उद्योजकाच्या ताळेबंदात हे बसत नाही. बर्लिनमध्ये एका मुलावर 1990 मध्ये वापरलेल्या पंपाला अमेरिकेत मर्यादित परवानगी मिळाली ती डिसेंबर 2011 मध्ये, आणि तीही दुर्मीळ आजारांसाठी असलेल्या सवलतीच्या तरतुदीखाली. पूर्ण मान्यता 2017 ची. तेथील राष्ट्रीय हृदय संस्थेने 2004 मध्ये सरकारी पैशांतून पाच संशोधन गटांना बालपंपांची कंत्राटे दिली. त्यांपैकी एका कामातून पेन्सिल सेलएवढा, शरीराच्या आत बसणारा 'जार्विक 2015' हा पंप आकारास आला. तो बालकांवरील चाचणीपर्यंत पोहोचण्यास दशकाहून अधिक काळ लागला. प्रौढांसाठी घडविलेला 'हार्टमेट 3' डिसेंबर 2020 पासून अमेरिकेत मुलांसाठीही मान्य आहे, पण तो मावतो मोठ्या मुलांनाच.

हे सर्व मी आजोबांना सावकाश सांगितले. बहुतेक बालकांच्या बाबतीत पंप हा दुसरे हृदय मिळेपर्यंतचा आधार असतो, हेही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे कुणाचं तरी लेकरू गेलं, तरच." मी मान डोलावली.

त्या मुलीला आपल्या रुग्णवाहिकेतून प्रत्यारोपण केंद्रात हलविण्यात आले. खर्च गरीब रुग्ण निधीतून झाला. तेथे पंपाची तयारी ठेवून औषधे वाढविण्यात आली. अशा संसर्गानंतर काही बालकांचे हृदय आपोआप सावरते, तिचे सावरले. दर तीन महिन्यांनी ती आपल्याकडे इकोसाठी येते. आजोबा सोबत असतात.