धुईतली वाट आणि फॉग लाइट : घरच्या घरी बसविताना



गळीत हंगाम आणि पहाटेची धुई यांची सुरुवात साधारण एकदमच होते. शेतात धुई पडली तर आपण पिकाची काळजी करतो, पण रस्त्यावर पडली तर गाडी पुढे तशीच दामटतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे घाटाखाली येणे-जाणे असते. कोणाचा मुलगा पनवेल-कल्याणकडे नोकरीला, कोणाचा भाजीपाला वाशीच्या मार्केटला, तर कोणाचे सोयरेच तिकडचे. आमचे व्याही कर्जत तालुक्यात कळंबला राहतात. त्यांच्या जुन्या बोलेरोला आम्ही दोघांनी अंगणातच फॉग लाइट बसविले. नंतर इकडे आल्यावर तीन-चार सभासदांनी त्याबद्दल विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी धुक्याविषयी, कारण ते दोन तऱ्हेचे असते. बोरघाटात पावसाळ्यात आपण ज्याला धुके म्हणतो ते खरे तर ढगच. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि त्याचा ढग होतो. खोपोली ते खंडाळा ही चढण सुमारे पाचशे मीटरची, म्हणून खाली लख्ख दिसत असले तरी वर गाडीचे बॉनेटसुद्धा दिसत नाही. हा ढग दिवसभर बसून राहू शकतो आणि सोबत पाऊस असतो. कळंबच्या बाजूला थंडीत पडते ते वेगळे. आभाळ मोकळे, वारा पडलेला, रात्री जमीन गार होते, आणि उल्हास, पोशीर या नद्यांच्या काठची ओल हवेत असतेच. त्यामुळे पहाटे भाताच्या मोकळ्या खाचरांवर दुलई पांघरल्यासारखी धुई पसरते. ऊन चढले की ती विरते. नेरळहून कळंबकडे पहाटे दूध, भाजी, शाळेची पोरे यांची ये-जा असते, आणि नेमक्या त्याच वेळी ती सर्वांत दाट असते. आपल्याकडे नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात पडते ती याच जातीची.

व्याह्यांचा पहिला प्रश्न होता, “पाव्हणं, हे दिवे लावले की लांबचं दिसेल ना?” नाही दिसणार. हे आधीच मनाशी पक्के केलेले बरे, कारण याच गैरसमजापायी लोक दिवे लावून उलट जोरात जातात. धुके म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातल्या एक-दोन भागांएवढे. हेडलाइटचा अप्पर मारला की प्रकाश या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लाइट ही भिंत फोडत नाही. तो खाली बसवितात, त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, वरची कड कापल्यासारखी असते. त्यामुळे डोळ्यांसमोरच्या धुक्यावर प्रकाश कमी पडतो, आणि जवळचा रस्ता, साइडपट्टी, पांढरी रेघ एवढे दिसते. एवढ्यासाठीच तो असतो.

पिवळा घ्यावा की पांढरा, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद होऊ शकतो. पिवळा प्रकाश धुके भेदतो हा समज फार जुना. फ्रान्सने १९३६ च्या कायद्याने मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे केले होते. ती सक्ती १९९३ मध्ये उठली. खरी गोष्ट अशी, की धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा वीस-चाळीस पट मोठे असतात, त्यामुळे ते पिवळा, पांढरा, निळा सगळा सारखाच उधळतात. पिवळा डोळ्याला कमी बोचतो असे पुष्कळ ड्रायव्हर सांगतात, तेवढ्यापुरता घ्यायचा तर घ्यावा. टपावर लावायच्या त्या लांबलचक एलईडी पट्ट्यांपासून मात्र दूर राहावे. धुक्यात त्या आपल्यालाच आंधळे करतात आणि एरवी समोरच्याला. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याच्या आगाऊ परवानगीशिवाय गाडीपुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावता येत नाही.

आता काम. बोलेरोच्या बंपरला दिव्यांच्या खाचा होत्या, त्यामुळे छिद्रे पाडावी लागली नाहीत. खाचा नसतील तर पट्टी ठोकून दिवे हेडलाइटच्या खालीच, दोन्हीकडे सारख्या उंचीवर आणि सारख्या अंतरावर घ्यावेत. सुरुवातीला बॅटरीची उणे बाजूची केबल सोडायची. ही गोष्ट विसरून पाना फिरवू नये.

सगळी गोम आहे ती रिलेमध्ये. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आपल्याला माहीत आहे. हिरव्या बटणातून थोडाच करंट जातो, मोटारीचा भार आतला कॉन्टॅक्टर घेतो. रिले म्हणजे गाडीतला छोटा स्टार्टरच समजा. ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे ११० वॉट. १२ व्होल्टला ते ९ अँपिअरच्या आसपास ओढतात. एवढा भार डॅशबोर्डच्या नाजूक स्विचमधून नेला तर स्विच तापतो, वायर वितळते आणि पुढे काय होते ते सांगायला नको. रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीच्या अधिक बाजूची वायर, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज, आणि हा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. ८७ वरून दोन्ही दिव्यांना. ८५ ला अर्थिंग. ८६ ला स्विचकडून येणारी वायर. स्विचला सप्लाय पार्किंग लाइटच्या वायरवरून घेतला, म्हणजे गाडीचे दिवे मालवले की फॉग लाइटही मालवतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडत नाही. भाराची वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली. दुकानात रिले, फ्यूज, स्विचसकट तयार संच मिळतो. ज्याला वायरिंगचा कंटाळा आहे त्याने तोच घ्यावा.

अर्थिंगसाठी बॉडीवरचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर नट आवळायचा आणि वरून व्हॅसलीन लावायचे, कोकणच्या दमट हवेत गंज लवकर धरतो. इंजिनकडून केबिनमध्ये वायर नेताना पत्र्याच्या छिद्राला रबरी बूच हवेच, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. रेडिएटरचा पंखा आणि सायलेन्सरचा पाइप यांच्यापासून वायर लांब बांधायची. १०० वॉटचे बल्ब घालण्याचा मोह काहींना होतो. त्याने वायर, फ्यूज सगळ्याचे गणित बिघडते आणि दिव्याची प्लॅस्टिकची वाटी वितळते. आणखी एक, ज्यांची गाडी नवी आणि वॉरंटीत आहे त्यांनी वायर कापण्याच्या भानगडीत पडू नये. नव्या गाड्यांत दिव्यांचा कारभार कॉम्प्युटरकडे असतो. कंपनीचाच दिवा घेऊन तिथेच बसवावा.

दिवे पेटले म्हणजे काम झाले असे व्याह्यांना वाटले, पण झोत लावणे हेच निम्मे काम. हवा बरोबर भरून गाडी सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी केली. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारली. झोताची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. एक गोष्ट आपल्या लोकांनी विशेष पाहावी. आपल्या गाडीत मागे पोती, कॅरेट नाहीतर माणसे असतातच. मागे वजन पडले की गाडीचे नाक उचलते आणि खाली लावलेला झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून नेहमीचे वजन टाकूनच झोत लावावा. आम्ही मागे भाताची पोती ठेवली होती.

आता वेगाचा हिशेब. पन्नास मीटरपुढचे दिसत नाही असे धरा. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोरचे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर गेलेच. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ मीटर. म्हणजे ६० मीटर लागतात, आणि दिसतात ५०. ताशी ४० ला तेच अंतर ३३-३५ मीटरवर येते. दिवा कितीही चांगला लावला तरी हा हिशेब बदलत नाही. घाटात काही जण चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून चालतात. मग ते वळतात कधी हे मागच्याला कळत नाही. ते गाडी बंद पडली तरच लावावेत. काच आतून धुरकट झाली तर हवेचा झोत काचेवर सोडावा. निम्मे धुके आतलेच असते. आणि धुके संपले की फॉग लाइट बंद करावेत. चांदण्या रात्री ते पेटवून फिरणाऱ्यांना काय म्हणावे!

शेवटी आपल्या घरची गोष्ट. फॉग लाइटवाल्याला समोरचा रस्ता दिसतो, पण त्या रस्त्यावर बिनदिव्याची दोन ट्रेलरची उसाची गाडी असेल तर ती दिसायला तिच्या पाठीला काहीतरी चमकायला हवे. मोळ्या मागे बाहेर आल्या की टेललाइट आणि रिफ्लेक्टर दोन्ही झाकले जातात. ट्रेलर भरून झाला की मागचे वाढे कोयत्याने छाटून घ्यावे. गाडी गव्हाणीवर रिकामी झाली की परत निघण्यापूर्वी रिफ्लेक्टरवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसावा, आणि निघालेली लाल पट्टी त्याच दिवशी बदलावी. वाटेत ट्रॅक्टर बंद पडला तर मागे दगड मांडून ठेवतात आणि दुरुस्त झाला की ते तिथेच टाकून निघून जातात. धुक्यात मोटारसायकलवाल्याला तो दगड चाकाखाली आल्यावरच समजतो. त्याऐवजी चमकणारा लाल त्रिकोण गाडीत ठेवावा, तो ५० मीटर मागे उभा करावा, आणि निघताना आठवणीने उचलून घ्यावा.