काडी मोडली म्हणून चष्मा टाकावा का?

(द्वितीय वर्ष, कला)

माझी आई विड्या वळते. सुपात तेंदूची पाने घेऊन सकाळी उंबऱ्याशी बसते, ती दिवेलागणीपर्यंत. गेल्या दिवाळीनंतर तिच्या चष्म्याची उजवी काडी बिजागरीपाशी मोडली. काचा शाबूत होत्या, नंबर तोच होता, डावी काडीही धड होती. पण चष्मा नाकावर ठरेना. तिने विडीचेच सूत घेऊन त्याचा फास केला, कानाला अडकवला आणि काम चालू ठेवले.

मी तो चष्मा दुकानात नेला. दुकानदार म्हणाले, "ही काडी आता मिळायची नाही. फ्रेम बदला." मी म्हटले, "बदला, पण काचा याच ठेवा." ते म्हणाले, "अहो ताई, या काचा दुसऱ्या फ्रेममध्ये कशा बसतील?" म्हणजे एका काडीपायी सगळा चष्मा नवा! तेवढ्या पैशांसाठी आईला किती हजार विड्या वळाव्या लागतील, हा हिशेब करीत मी घरी आले. आई म्हणाली, "राहू दे गं, सुतानं चालतंय की."

माझे विज्ञान दहावीनंतर सुटले. तरीही 'असे का?' हा प्रश्न डोक्यातून जाईना. ग्रंथालयात बसून वाचले, त्या दुकानदारांनाही पुन्हा जाऊन विचारले. जे समजले ते येथे मांडते.

चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला बहुधा ५२, १८, १४० असे तीन आकडे असतात. पहिला काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधले नाकावरचे अंतर आणि तिसरा काडीची लांबी, सर्व मिलिमीटरमध्ये. हे वाचून मला वाटले, १४० ची दुसरी काडी आणली की झाले! पण तसे नाही. बिजागरीला कडी किती, स्क्रू किती जाड, काडी कोणत्या कोनात उघडते, हे त्या आकड्यांत नसते आणि ते फ्रेमगणिक बदलते. काचेचेही तेच. गोल काच आणून ती त्या विशिष्ट फ्रेमच्या आकारात घासून बसवतात. एकदा घासलेली काच दुसऱ्या आकारात सहसा बसत नाही.

याउलट आपल्या घरातला विजेचा दिवा पाहा. कोणत्याही कंपनीचा आणा, होल्डरमध्ये बसतो. आईचेच उदाहरण देते. ती पत्र्याचा साचा ठेवून पान कापते. तोच साचा शेजारणीकडेही असतो, म्हणून एकीने कापलेले पान दुसरीला वळता येते. चष्म्याच्या धंद्यात असा सर्वांचा एक साचा नाही, हे आमच्या सुताच्या फासाचे खरे कारण.

असा साचा ठरवला तर काय होईल? समजा, उणे ६ पासून अधिक ६ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या काचा ठेवल्या, तर शून्य धरून २५ प्रकार होतात. पुष्कळांच्या दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतात. तयार चष्मेच ठेवायचे म्हटले, तर २५ गुणिले २५ म्हणजे ६२५ प्रकार हवेत. फ्रेमची तीन मापे धरली तर १८७५! पण काचा एकाच गोल आकाराच्या आणि हाताने बसवता येतील अशा असल्या, तर २५ प्रकारच्या काचा व ३ फ्रेम, एकूण २८ वस्तूंत तेच काम होते. एवढे सामान एका पेटीत घेऊन खेड्यात जाता येईल.

हे केवळ स्वप्न नाही. जर्मनीतील गणित व भौतिकशास्त्राचे एक शिक्षक, मार्टिन आउफमुथ, यांनी 'एक डॉलरचा चष्मा' तयार केला आणि २०१२ मध्ये त्यासाठी एर्लांगेन येथे संस्था काढली. लाकडी पेटीत मावणाऱ्या, विजेशिवाय चालणाऱ्या यंत्रावर पोलादी तार वाकवून फ्रेम करायची आणि तयार काचा हाताने तिच्यात दाबून बसवायच्या. सामानाचा खर्च सुमारे एक डॉलर. भारतातही हे काम पोचले आहे.

अडचणीही आहेत. गोल काच फ्रेममध्ये फिरू शकते. साध्या नंबराला त्याने बिघडत नाही. परंतु सिलिंडरचा नंबर ठरावीक कोनातच बसावा लागतो. त्यासाठी काचेला खाच आणि फ्रेमला तिच्यात बसणारा उंचवटा हवा. शिवाय काचेचा मध्य बुबुळासमोर यावा लागतो. नंबर मोठा असेल आणि मध्य चुकला, तर डोके दुखते. म्हणून मापे दोन-तीन तरी हवीतच, आणि डोळे तपासणे कोणालाच चुकत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आसामात चहाची पाने खुडणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांचा एक अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचे दिसण्याचे चष्मे आधी दिले, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. दोन गटांची तुलना करता चष्मेवाल्यांच्या कामात सुमारे २२ टक्के अधिक वाढ दिसली. पान खुडणे काय आणि पान वळणे काय, दोन्ही नजरेवरच चालते. आईच्या नापास होणाऱ्या विड्या मी मोजल्या नाहीत, पण काडी मोडल्यावर त्या वाढल्या असे तीच म्हणाली.

शेवटी त्या दुकानदारांनीच वाट काढली. त्यांच्याकडे जुन्या फ्रेमचा एक डबा होता. तासभर शोधून त्यांनी त्यातून एक काडी काढली, बिजागरी कानशीने घासली आणि बसवली. पैसे नाममात्र घेतले. आता आईच्या चष्म्याची एक काडी काळी, एक तपकिरी आहे.

मित्रमैत्रिणींनो, सर्वांसाठी एक साचा ठरेल तेव्हा ठरेल. तोवर आपल्या घरांतले पडून असलेले जुने चष्मे फेकू नका. जवळच्या चष्मेवाल्याच्या डब्यात नेऊन टाका. त्यातली एखादी काडी कोणाच्या तरी आईला बसेल.